तो फोटो १९०० चा नाही, आणि औरंगाबाद स्टेशनचाही नाही

गेले काही दिवस एक फोटो मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मला तो तीन नातेवाइकांनी पाठवला. धूर सोडणारं काळं इंजिन, त्याच्या पायरीवर डोक्याला पंचा गुंडाळलेला फायरमन, मागे एक डोंगर. खाली मजकूर: ‘१९०० साली औरंगाबाद स्टेशनात आलेली पहिली रेल्वे. निजामाने इंग्लंडहून मागवलेलं इंजिन. हेच रूळ आजही वापरात आहेत.’ सोबत दुसरा फोटो आहे, गोळीसारख्या टोकदार नाकाच्या इंजिनाचा. त्याला नाव दिलंय ‘निजामाची खास गाडी’.

मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर असलेला) मार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला, एवढं खरं आहे. बाकीचं सगळं त्या फोटोतच खोडलेलं आहे. फक्त नीट बघायला हवं.

‘१९०० साली.’ माझे मामा पूर्णा जंक्शनच्या लोकोशेडात फायरमन होते. लहानपणी स्टेशनवर नेलं की ते म्हणायचे, ‘आधी चाकं मोज, मग इंजिनाचं नाव सांग.’ या फोटोत मोजा. दोन्ही बाजूंची मिळून पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, केबिनखाली दोन. ही मांडणी ‘वाय.पी.’ची. मालगाडीच्या ‘वाय.जी.’ला पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन असतात. शंका राहिलीच तर केबिनच्या बाजूची नंबरपाटी मोठी करून बघा, तिथे ‘वाय.पी.’ लिहिलेलं वाचता येतं. ‘वाय’ म्हणजे मीटरगेज, ‘पी’ म्हणजे पॅसेंजर. या जातीचं पहिलं इंजिन भारतात आलं १९४९ मध्ये. १९०० मध्ये ते कागदावरसुद्धा नव्हतं. त्या काळातली मीटरगेजची इंजिनं याच्यासमोर अगदी लहान चणीची दिसतील. आणि फलाटाच्या छपराखाली ट्यूबलाइट लटकतेय, तीही बघून घ्या.

‘इंग्लंडहून मागवलेलं.’ पहिल्या वाय.पी. अमेरिकेत बाल्डविनच्या कारखान्यात तयार झाल्या. काही स्कॉटलंड आणि जर्मनीतूनही आल्या. पुढे मोठ्या संख्येने त्या आपल्या जमशेदपूरला टेल्कोमध्ये, म्हणजे टाटांच्या कारखान्यात बनल्या.

‘निजामाने.’ इथे मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण उत्तर फोटोतच मोठ्या अक्षरांत लिहिलंय. इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर, म्हणजे टेंडरवर, ‘द.म.’ आहे, म्हणजे दक्षिण मध्य रेल्वे. हा विभाग स्थापन झाला २ ऑक्टोबर १९६६ ला. त्याआधी, १९५१ पासून, आपला भाग मध्य रेल्वेत होता. निजाम स्टेट रेल्वे त्याच वर्षी मध्य रेल्वेत विलीन झाली. शिवाय १९०० साली ही रेल्वे निजाम सरकार स्वतः चालवत नव्हतं. ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ ही कंपनी होती. तिच्या भांडवलावरच्या व्याजाची हमी संस्थानाने दिलेली, म्हणून नावात ‘गॅरंटीड’. सरकारने ती ताब्यात घेतली १९३० मध्ये. ‘निजामाची रेल्वे’ म्हणताना कुठल्या सालाबद्दल बोलतोय, हे सांगायलाच हवं.

‘औरंगाबाद स्टेशन.’ ही चूक कशी झाली असावी, ते कळतं. कुणीतरी फोटो डावीकडून कापलाय. नावाच्या पाटीवर रोमन अक्षरांत फक्त ‘बाद’चा भाग उरलाय, आणि बाद म्हटलं की आपल्याला आधी औरंगाबाद आठवतं. पण देवनागरी ओळीत ‘बाद’च्या आधीच्या अक्षराचा तुकडा शिल्लक आहे. ‘गा’ असता तर डावीकडचं वळण उभ्या दांड्यापासून सुटं दिसलं असतं. इथे वळण दांड्याला चिकटलंय. तो ‘ता’ आहे. दौलताबाद! मागचा डोंगर बघा: माथा निमुळता, आणि खालचा भाग चारी बाजूंनी भिंतीसारखा तासलेला. देवगिरीचा कडा ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागू नये. औरंगाबाद स्टेशनच्या फलाटावरून तो कधीच एवढा मोठा दिसत नाही.

‘हेच रूळ आजही.’ इंजिनाच्या तोंडाशी मधोमध एकच जाड बफर (धक्का झेलणारा ठोकळा) आहे, त्यातच जोडणीचा आकडा. ही मीटरगेजची खूण. ब्रॉडगेजच्या वाफेच्या इंजिनाला डावी-उजवीकडे दोन बफर असतात. जुना फोटो हातात आला की मी आधी हेच बघतो, कारण रूळ धुरात किंवा गवतात लपले तरी बफर लपत नाहीत. मीटरगेजच्या रुळांत अंतर एक मीटर, ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटर. मनमाडपासूनचा हा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला आणि जुने रूळ तेव्हाच उखडले गेले.

हीच खूण दुसऱ्या फोटोला लावा. टोकदार नाकाच्या इंजिनाला दोन बफर आहेत. ते ‘डब्ल्यू.पी.’, ब्रॉडगेजचं, पहिल्यांदा भारतात आलं १९४७ मध्ये. औरंगाबादच्या मीटरगेजवर ते उभंच राहू शकलं नसतं. मात्र मराठवाड्यात ब्रॉडगेज नव्हतंच, असं म्हणून कुणी उलटी चूक करू नये. विकाराबादहून उदगीर, लातूर रोड करत परळीला जाणारा मार्ग आधीपासून ब्रॉडगेजच होता, आणि लातूर शहरात बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी यायची. तीन मापांचे रूळ असलेला आपला मुलूख, त्यामुळे गेज न बघता स्टेशनचं नाव लिहायचं नाही. त्या दुसऱ्या फोटोत पाटी नाही, सिग्नल नाही, डोंगर नाही. त्याला कुठल्याच स्टेशनचं नाव देऊ नये.

मग पहिल्या फोटोखाली काय लिहायचं? ‘दौलताबाद, मीटरगेज, वाय.पी. इंजिन, १९६६ नंतर.’ ज्यांनी तो पुढे पाठवलाय, त्यांनी एवढी दुरुस्ती करून पुन्हा पाठवावा, ही हात जोडून विनंती. १९०० म्हटलं की पायरीवरच्या त्या माणसाकडे कुणी बघतच नाही, सव्वाशे वर्षांपूर्वीचा कुणी अनोळखी समजून सोडून देतात. पण तो आमच्या मामांच्या पिढीतला आहे. त्याची मुलं-नातवंडं आज पूर्णेत, नांदेडला, परभणीला असतील. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत कुणाचे वडील, कुणाचे आजोबा डोक्याला असा पंचा बांधायचे का, हे घरी विचारून बघा.