कळतं पण वळत नाही

लिहू की नको करत अख्खी दुपार गेली. आता लिहितेच, नाहीतर झोप यायची नाही.

आज नातवाच्या शाळेत पेरेंट मीटिंग होती. सूनबाईला सुट्टी नाही, मुलगा हालोलला कंपनीत, म्हणून मी गेले. नातू सव्वाचार वर्षांचा, ज्युनिअरला आहे. बाईंनी रजिस्टर उघडलं आणि पहिलंच वाक्य, "बा, ए जाणी जोईने करे छे." मुद्दाम करतो म्हणे. काय मुद्दाम करतो? तर शाळा सुटली की मुलांची रांग झोपाळ्याच्या बाजूने फाटकाकडे जायची. तिथे खोदकाम सुरू झालं, म्हणून गेल्या सोमवारपासून पाण्याच्या टाकीकडून जायचं ठरलं. सगळ्या मुलांना सांगितलं. आमचा मात्र रोज झोपाळ्याकडेच वळतो म्हणे. बाईंनी त्याला धरून विचारलं, "कुठून जायचं?" तो म्हणाला, "टांकीकडून." आणि हात सुटताच गेला झोपाळ्याकडे. तीन दिवस त्याचा स्टार कापला. काल खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवलं.

बाईंचं म्हणणं एवढंच, की उत्तर बरोबर देतो म्हणजे त्याला माहीत आहे. माहीत असून करत नाही म्हणजे मस्ती.

मला त्या छोट्या खुर्चीवर बसवेना. अहो, चार वर्षांचं मूल असंच असतं! आपल्या आज्यांनी यासाठी शब्द देऊन ठेवलेत, कळतं पण वळत नाही. आपण ते मोठ्यांच्या तंबाखूला नि गोड खाण्याला वापरतो. खरं लागू पडतं ते या वयाला, तेही अक्षरशः. त्याला कळलं होतं, पाय वळले नाहीत.

मी इथेच वडोदऱ्याच्या युनिव्हर्सिटीत होम सायन्सला चाईल्ड डेव्हलपमेंट शिकले. आमच्या विभागाच्याच चेतन बालवाडीत कोपऱ्यात बसून मुलं बघायची आणि वहीत टिपून घ्यायची, ही आमची प्रात्यक्षिकं. पुढे नोकरी दुसरीच केली, पण त्या विषयाचं वाचणं सुटलं नाही. मानसशास्त्रात पत्त्यांचा एक साधा खेळ आहे. पत्त्यांवर लाल ससे, निळ्या होड्या; ढिगांच्या खुणा मात्र उलट, एक निळा ससा, एक लाल होडी. आधी रंग बघून दोन ढीग लावायचे. मग सांगायचं, आता रंग नाही, चित्र बघून लाव. तीन वर्षांच्या मुलाला विचारा, "ससा कुठे जाणार?" ते बोट दाखवून बरोबर सांगतं. पत्ता हातात दिला की ठेवतं जुन्याच ढिगात. पुन्हा सांगा, पुन्हा तेच. पाच वर्षांचं होईतो बहुतेकांना जमायला लागतं. ही झाली शास्त्रज्ञांची रीत, आमच्याकडे टाकी आणि झोपाळा. फरक एवढाच की तिथे पत्ता चुकला म्हणून कुणी मुलाला बाकावर बसवत नाही.

याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट रोजची आहे. सांगितलेलं मनात धरून ठेवायचं, हात पुढे गेला तरी आवरायचा, आणि नियम बदलला की जुना सोडून नवा घ्यायचा. हे काम कपाळामागच्या मेंदूचं. तीन ते पाच या वयात ते भराभर वाढतं, पण पुरतं पिकायला पंचविशी उजाडते. पंचविशी! आणि आपण सव्वाचारच्या पोराचे स्टार कापतोय.

आता कुणीतरी लिहीलच, की शिस्त नको का. हवी. मी कुठे नको म्हणते? पण जे अजून उगवलंच नाही ते कापून कसं वाढणार?

आणि वह्या! ज्युनिअरच्या मुलाला चार रेघी वहीत रोज दोन पानं. गुजरातमध्ये २०२३ पासून सहा पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत घेत नाहीत. तेव्हा मला किती आनंद झाला होता, मुलांना खेळायला आणखी एक वर्ष मिळालं म्हणून. ते वर्षही वह्यांनी खाल्लं. ज्या गुजरातमध्ये बालशिक्षणवाल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं, जिथे आपल्या ताराबाई मोडक त्यांच्या जोडीला जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढे महाराष्ट्रात बोर्डी-कोसबाडला अंगणातच बालवाड्या भरवल्या, तिथे आज मूल वाळूत खेळलं की "टाइमपास करतो" असा शेरा येतो. गिजुभाईंना लोक 'मूछाळी मा' म्हणायचे, मिशीवाली आई. शंभर वर्षांपूर्वी या दोघांना कळलेलं आपल्याला आज कळू नये, याचा मला फार राग येतो.

बाईंवर नाही हो. खरं सांगते, घरी येईपर्यंत बाईंवरचा राग गेला होता. चाळीस मुलं, एक बाई, एक आयाबेन. खोदलेल्या खड्ड्याकडे मूल जातंय म्हटल्यावर तिच्या पोटात गोळा आलाच असणार. घाबरलेलं माणूस ओरडतं. मीही मुलाच्या लहानपणी ओरडलेच आहे, हातही उगारलाय. तेव्हा शिकलेलं सगळं कुठे गेलं होतं कोण जाणे. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

एक ऐकलं तेव्हा मात्र पुन्हा पेटले. स्टार कापताना बाई म्हणाल्या होत्या, "उद्या नीट गेलास तर परत देईन." मंगळवारी तो नीट गेला होता. टाकीकडूनच. बाईंच्या लक्षात राहिलं नाही. हे मला नातवाने सांगितलं, तक्रार म्हणून नाही, आपलं सहज. तुम्ही सगळ्यांनी तो मार्शमॅलोच्या गोळीचा व्हिडिओ बघितलाय, एक आत्ता खा, थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे हुशार निघतात असं सांगून तो फिरवतात. २०१८ मध्ये तीच गोष्ट ९०० हून जास्त मुलांच्या बाबतीत तपासली, तर घरची परिस्थिती जमेला धरल्यावर त्या हुशारीतलं फारसं काही उरलं नाही. त्याआधी २०१३ चा एक छोटा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही मुलांना मोठ्यांनी आधी एक शब्द दिला आणि पाळला, काहींना दिला आणि मोडला. मग गोळी ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली ३. सांगा आता, मनावर ताबा कुणाचा कमी होता?

संध्याकाळी मी त्याला वाड्याच्या ओट्यावर घेऊन बसले. "चिमणी उडाली भुर्र" खेळलो. तुम्ही सगळे खेळलाच आहात. बोट जमिनीवर टेकवायचं, चिमणी भुर्र, कावळा भुर्र, पोपट भुर्र, आणि म्हैस आली की बोट हलवायचं नाही. चार वेळा म्हैस उडवली त्याने, दोनदा खुर्ची. पाचव्यांदा मी "म्हैस" म्हटलं तेव्हा त्याचं बोट वर निघालंच होतं. त्याने दुसऱ्या हाताचा पंजा त्या बोटावर थाप मारून दाबून धरला आणि पुटपुटला, "म्हैस नाही, म्हैस नाही." पंजाखाली ते बोट थरथरत होतं. मी बघतच राहिले. स्वतःचंच बोट स्वतःच्याच हाताने धरून ठेवणारं पोर, आणि त्याला जाणूनबुजून करतो म्हणतात!

असा अर्धा तास कुणी मुलाला देतं का हल्ली? माझा मुलगा घरी आला की आधी त्याच्या हातात मोबाईल देतो, दमतो बिचारा, तेही कळतं मला. पण ज्या खेळात थांबावं लागतं, आठवावं लागतं, पाळी येईतो गप्प बसावं लागतं, तो खेळ मोबाईल खेळत नाही. आईचं पत्र हरवलं, शिवाजी म्हणतो, भातुकली. भातुकलीत "मी बाबा, मी नाही रडणार" म्हणून खरंच न रडलेली मुलं मी चेतनमध्ये डोळ्यांनी पाहिलीयत.

बालवाडीतल्या एका युक्तीबद्दल वाचलं होतं, ते रात्री आठवलं. दोन मुलं जोडीने पुस्तक बघताना ऐकणाऱ्याच्या हातात कानाचं चित्र देतात. कान बोलत नाही, कान ऐकतो. काही महिन्यांनी चित्राची गरजच राहत नाही. म्हणून जेवणं झाल्यावर पुठ्ठ्यावर मी एक मोठा मासा काढला, त्याने तो हिरवा रंगवला. शेपटी तोंडापेक्षा मोठी झाली. "हा टांकीत राहतो," त्यानेच ठरवलं. उद्या पावणेआठला जाऊन बाईंना विचारणार आहे, टाकीवर चिकटवू का म्हणून. आत्ता मासा त्याच्या सँडलवर ठेवलाय. झोपायच्या आधी दोनदा उठून बघून आला, आहे की नाही.