"पोरगी चित्र छान काढते, आर्किटेक्चरला घालू काय?"

परवा बेळगावच्या वडगावहून एका काकांचा फोन आला. त्यांचे चार पॉवरलूम आहेत, पाच वर्षांपूर्वी त्यांच्या घराची मागची बाजू मी बांधून दिली होती. "म्याडम, पोरगी चित्र छान काढते. नाटा पण दिलीय. आर्किटेक्चरला घालू काय?" मागे मागांचा खडखडाट एवढा होता की "काका, रात्री बोलते" म्हणून ठेवून दिला. रात्री दीड तास बोलले, तरी अर्धं राहिलंच. निकालाच्या सुमारास दरवर्षी असे चार-पाच फोन येतात, म्हणून राहिलेलं इथे लिहिते.

आधी चित्राचं. चित्र छान येतं म्हणून आर्किटेक्ट करायचं म्हणजे अक्षर सुंदर आहे म्हणून पोराला वकील करण्यातला प्रकार. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर 2006 पासून ती नाटा म्हणजे प्रवेशपरीक्षा घेते, त्यात ड्रॉइंग असतं, हे खरं. पण माझी गेल्या वर्षभरातली सगळ्यात उपयोगी पडलेली चित्रं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर आणि ओल्या गिलाव्यावर काढलेली आहेत. खिळ्याने. ती सुंदर अजिबात नव्हती, पण गवंड्याला कळली.

पाच वर्षं, दहा सेमिस्टर. काकांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा गप्प झाले. इंजिनिअरिंगची मैत्रीण चौथ्या वर्षाअखेर पगार घरी आणते, तेव्हा तुमची पोरगी थर्माकोल कापत असणार. सबमिशनच्या आदल्या रात्रींबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. फेव्हिक्विकने चिकटलेली बोटं आणि ज्युरीत, म्हणजे काम तपासणाऱ्यांसमोर, "व्हेअर इज द कॉन्सेप्ट?" एवढंच आठवतं. मी कुठल्या कॉलेजात होते ते विचारू नका. शिक्षक वाईट नव्हते. चंदीगड शिकवलं, ते आखणारा कोर्बुझिए शिकवला, आपले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी, चार्ल्स कोरिया, लॉरी बेकरचा रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे भिंतीत पोकळी ठेवून विटा रचायची पद्धत, ज्यात साधारण पाव हिस्सा विटा वाचतात. हे सगळं आजही कामाला येतं. स्टडी टूरला चंदीगडपर्यंत गेले, आणि आमच्या किल्ल्यातली 1204 सालची कमल बस्ती, जुनं जैन मंदिर, घरापासून रिक्षाच्या अंतरावरची, नोकरीला लागल्यावर पाहिली. छतातलं ते दगडी कमळ बघताना मान दुखली आणि लाजही वाटली. हा दोष कॉलेजचा का माझा, अजून ठरलेलं नाही.

काय शिकवलं नाही, तर सूत.

पहिली स्वतःची साइट अनगोळला, 30 बाय 40 चा प्लॉट. जिन्याचं ड्रॉइंग मी कॉलेजच्या शिस्तीने मिलिमीटरमध्ये काढलेलं. मजल्याची उंची 3200, पायऱ्या 20, एकेक पायरी 160. आमचे गवंडी मामा येळ्ळूरचे. कागद उलटासुलटा करून म्हणाले, "म्याडम, हे सुतात किती?" एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढं सुद्धा मला तिथे उभं राहून कळलं. मोबाईलवर हिशेब केला, सहा इंच नि अडीच सुताला जरा कमी. मी म्हटलं, "सव्वासहा धरा की." मामांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. एक लाकडी पट्टी उभी केली, खालच्या फरशीच्या लेव्हलपासून वरच्या लेव्हलपर्यंत खूण केली, पट्टी आडवी टाकली. तेवढ्याच लांबीची दोरी घेऊन दुमडली, परत दुमडली, चार भाग झाले. मग एकेका भागाचे पाच करून पट्टीवर वीस खुणा. आकडा एकही नाही. विडी पेटवून मग म्हणाले, "सव्वासहा धरलं असतं तर शेवटची पायरी इंचभर चढी आली असती. घरात आजी हाय. ती पडली असती, आणि शिव्या मला बसल्या असत्या, तुम्हाला नव्हे."

रात्री घरी जाऊन मी वजाबाकी केली. जवळपास एक इंच.

तेव्हापासून माझी साइटवर जाणारी ड्रॉइंगं फूट-इंच-सुतात असतात. वाळू-खडी ब्रासमध्ये सांगते, म्हणजे शंभर घनफुटात. ऑफिसमध्ये नवीन आलेली मुलं नाक मुरडतात. मुरडू देत.

आता माझी चूक सांगते, कारण गवंड्याचं शहाणपण सांगायला सगळ्यांना आवडतं, स्वतःचं येडेपण कुणी सांगत नाही. टिळकवाडीत एका निवृत्त जोडप्याचं घर केलं. मध्ये चौक ठेवला, वर मोकळं आकाश, चारी बाजूंनी खोल्या. अहमदाबादच्या घरांचे फोटो बघून बघून डोक्यात चौक बसलेला. एप्रिलमध्ये वास्तुशांत झाली, आलेला प्रत्येक जण चौकात उभा राहून वर बघत होता, मला फार भारी वाटलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन. बेळगावचा पाऊस वरून सरळ पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो, दिवस-दिवस थांबत नाही. माझी चौकाकडची पागोळी, म्हणजे छपराची बाहेर आलेली कड, होती दीड फूट. स्वयंपाकघरातून देवघरात जायला काकूंना छत्री लागत होती. ऑगस्टमध्ये गेले तर चौकावर हिरवट पॉलिकार्बोनेटचा पत्रा, आणि आतल्या सगळ्यांचे चेहरे आजारी असल्यासारखे हिरवे. काका काही बोलले नाहीत, चहा दिला. बोलले असते तर बरं झालं असतं.

ह्या बाईने, म्हणजे मीच, जांबोटीकडच्या आत्याच्या घरात अख्खं लहानपण घालवलं होतं, ही त्यातली गंमत. त्या घराला पश्चिमेला दार नाही, खिडकी टीचभर, पागोळी एवढी खाली की मोठा माणूस वाकून सोप्यात शिरायचा. जोतं कमरेइतकं उंच. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला गवताचा आडोसा बांधायचे. ते सगळं मला "गाव" वाटायचं, "आर्किटेक्चर" वाटायचं नाही. माझं शिक्षण कुठे कमी पडलं ते मी ह्या एका वाक्यात मोजते.

आणि कौलांचं तर विचारूच नका. आमच्या शेजारच्या खानापूरच्या मातीची ख्याती किती, सरकारने कुंभारकामाची संस्था काढली ती तिथेच. त्याच तालुक्यातला माणूस घर बांधायला आला की पहिलं वाक्य, "कौलं नकोत म्याडम, कौलं म्हणजे गरिबी दिसते. स्लॅबच पाहिजे." स्लॅब होतो. तीन पावसाळ्यांत गळतो. वॉटरप्रूफिंगवाला येऊन पैसे नेतो, चौथ्या पावसाळ्यात परत गळतो. मग लोखंडी अँगल उभे करून स्लॅबवर निळा नाहीतर लाल पत्रा, दोन्ही बाजूंनी उतरता. शहापूरच्या कुठल्याही उंच गच्चीवरून बघा, गल्लीच्या गल्ली निळ्या-लाल पत्र्यांची. म्हणजे उतरतं छप्पर आलंच की परत. फक्त दोनदा पैसे देऊन आलं, आणि पाऊस सुरू झाला की खाली फोनवर बोलता येत नाही. मी आता भांडत नाही. पहिल्याच मीटिंगला विचारते, "पत्रा आत्ताच धरू काय एस्टिमेटमध्ये?" निम्मे लोक हसतात, निम्म्यांना राग येतो. दोघेजण मात्र थांबून म्हणाले, मग कौलंच दाखवा. दोघेजण, बारा वर्षांत.

वडगावच्या काकांनी पगाराचं विचारलं. 2011 साली पुण्यात माझा पहिला पगार नऊ हजार होता, त्यातले साडेचार खोलीला जायचे. आठ महिने मी फक्त टॉयलेटचे डिटेल काढले. तेव्हा रडायचे, आज बाथरूमच्या उताराबद्दल मला कुणी फसवू शकत नाही. बेळगावला परत आल्यावर पहिल्या घराचे पंधरा हजार ठरले, तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता आजतागायत आलेला नाही. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी कुंद्याचा बॉक्स मात्र घरपोच आला. कुंदा चांगला होता, खोटं कशाला बोलू.

आपल्याकडे प्रश्न असतो, "प्लॅनचे किती?" प्लॅन म्हणजे पास करून घ्यायचा कागद. त्या कागदामागे मी साइटवर किती वेळा जाणार, चौकट उलटी बसली तर कोण बघणार, वारा कुठून घेणार, ह्याला भाव नाही. मॉड्युलर किचनला तीन लाख देणारा माणूस फीमध्ये तीन हजारांसाठी दोन संध्याकाळी बसवतो. कौन्सिलने फी किती घ्यावी ते छापून ठेवलंय, ते मी एकदा एका शेटजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "हे बेंगळूरचं असणार."

कायद्याचंही काकांना नीट सांगितलं, कारण कॉलेजात हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही. 1972 चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आहे. कौन्सिलकडे नोंदणी नसलेल्याने स्वतःला "आर्किटेक्ट" म्हणवून घेतलं तर तो गुन्हा. पण मार्च 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा कायदा नाव राखतो, काम राखत नाही. नाव लावलं नाही तर घराचं डिझाईन दुसराही करू शकतो. आणि करतातच. प्रत्येक पेठेत प्लॅन काढून देणारे आहेत, सिव्हिल डिप्लोमावाले आहेत. त्यांना नावं ठेवण्यात मला रस नाही. त्यांच्यातल्या दोघांकडून मी सेप्टिक टँकची जागा आणि विहिरीच्या पाण्याची पातळी शिकले. तुमची पोरगी पाच वर्षं शिकून येईल तेव्हा बोर्डावर लावायला तिच्याकडे एक शब्द जास्त असेल. गिऱ्हाईक तो शब्द बघून येत नाही, शेजाऱ्याचं घर बघून येतं.

बोर्डावरून आठवलं. माझा जुना बोर्ड मराठी-इंग्रजी होता. कर्नाटकच्या 2024 च्या कायद्याने साठ टक्के जागा कन्नडला आली, बोर्ड तेवढाच राहिला, मराठी अक्षरं आता डोळे बारीक करून वाचावी लागतात. त्यावर मला काय वाटतं ते आपल्या माणसांना सांगायची गरज नाही. पण धंद्याचं वेगळं सांगते. माझं ड्रॉइंग इंग्रजीत, गिऱ्हाईक मराठीत बोलतं, सेंट्रिंगवाले गोकाककडचे ते कन्नडमध्ये, फरशी बसवणारे राजस्थानचे ते हिंदीत, आणि कार्यालयातून येणारी नोटीस कन्नडमध्ये. एकदा अशी नोटीस मी अंदाजाने वाचली आणि सात दिवसांची मुदत सतरा समजले. फाईल परत पहिल्यापासून. दुसऱ्या महिन्यात शिकवणी लावली. आता "हौद्री सर" म्हणून बसत नाही, वाद घालते, कन्नडमध्येच. विवादित सीमाभागातल्या मुलांसाठी महाराष्ट्रात प्रवेशाची वेगळी तरतूद आहे, ती काकांनी जरूर बघावी. पण पोरगी शिकून परत इथे बसणार असेल तर तिला कन्नड लिहिता-वाचता आलंच पाहिजे. ह्याच्यात सीमाप्रश्न आणू नका, स्लॅबच्या तारखा आणा.

बाईमाणसाचंही विचारलं काकांनी, जरा चाचरतच. चार वर्षं कॉन्ट्रॅक्टर माझ्याशी बोलताना माझ्या ड्रायव्हरकडे बघायचे. ड्रायव्हर बिचारा मान डोलवायचा. साइटवर संडास नसतो, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर कुठल्याच सेमिस्टरला लेक्चर नव्हतं. मी आता काम सुरू करतानाच तात्पुरता संडास एस्टिमेटमध्ये धरते. पाया खणायच्या आधी तो. मजूर बायकांनी ज्या दिवशी पहिल्यांदा तो वापरला त्या दिवशी मला जे वाटलं ते टिळकवाडीच्या चौकात वाटलं नव्हतं.

हल्ली नवीन म्हणजे, लोक एआयने काढलेलं घर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. दोन मजली काच, दारात ताडाची झाडं, स्वच्छ ऊन. "असंच पाहिजे म्याडम, फक्त 20 बाय 30 मध्ये बसवा." काच बरोबर पश्चिमेला. मी रागावत नाही. त्या चित्रात जिना कुठे आहे ते दाखवा म्हणते. दाखवता येत नाही, मग आम्ही बोलायला लागतो. गौरी-गणपतीला किती माणसं येतात, म्हातारी कुठे झोपणार, पाणी तापवायचा हंडा आत का परड्यात, माग घरातच राहणार का. वडगावच्या काकांच्या घरात मी सगळ्यात जास्त डोकं कशावर घातलं असेल तर मागांचा हादरा झोपायच्या खोलीपर्यंत जाऊ नये ह्यावर. मागांचा पाया घराच्या पायापासून सुटा ठेवला, मध्ये फट सोडली. बाहेरून त्यातलं काहीच दिसत नाही. फोटो काढण्यासारखं त्या घरात काही नाही.

तेच मी काकांना विचारलं, "झोप लागते काय आता?" म्हणाले, "लागते की. पोरगी तिथंच अभ्यास करते." मग जरा थांबून, "तिनंच शोधून काढलं, खालची ती फट. मला म्हणाली, बाबा, ही चुकून राहिलेली नव्हे, म्याडमनी मुद्दाम सोडलीय."

हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर माझा दीड तास वाचला असता. चित्राचं काय घेऊन बसलात, काका.

रविवारी हिंडलग्याला स्लॅब आहे. सकाळी सहाला सुरू, पाऊस आला नाही तर चारपर्यंत आटोपेल. तिला पाठवून द्या. चप्पल नको, बूट घालून. डबा बरोबर, आणि वही नसली तरी चालेल, मामांकडे पट्टी असते.