‘२०० मेगापिक्सेलचा फोन असताना कॅमेरा कशाला?’ या दाव्यात चूक कुठे आहे

एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्याचा आशय असा: फोनमध्ये २०० मेगापिक्सेल आले तरी कॅमेरे २४ वरच अडकलेत, अंधारातले फोटो आणि १०० पट झूम फोनलाच चांगले जमतात, डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) बंद पडत चालले, म्हणजे कॅमेरे संपले, तेव्हा घरातला कॅमेरा विकून मोकळे व्हा. यातल्या शेवटच्या सल्ल्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं. तो ऐकून कुणी चांगला कॅमेरा मिळेल त्या किमतीला विकून टाकू नये.

पहिला मुद्दा मेगापिक्सेलचा. खरी गल्लत इथेच आहे. सॅमसंगचा २०० मेगापिक्सेलचा आयसोसेल एचपी२ सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, घ्या. त्यातला एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून अख्खा सेन्सर साधारण ७२ चौरस मिलिमीटरमध्ये मावतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. बारा पट मोठा. त्यावर २४ मेगापिक्सेल बसवले की एका पिक्सेलची रुंदी ६ मायक्रॉन होते आणि क्षेत्रफळ फोनच्या पिक्सेलच्या शंभर पट. पिक्सेल जितका मोठा, तितका जास्त प्रकाश त्याच्यावर पडतो.

दुसरी अडचण भौतिकशास्त्राची आहे. प्रकाश तरंगरूप असल्याने भिंग कितीही निर्दोष घडवलं तरी बिंदूची प्रतिमा नेमकी बिंदूएवढी पडत नाही, तिची बारीक तबकडी होते. एफ/१.७ लेन्सवर (हा आकडा छिद्राचं माप सांगतो; तो जितका लहान, तितकं छिद्र मोठं) हिरव्या प्रकाशात या तबकडीचा व्यास सुमारे २.३ मायक्रॉन भरतो. म्हणजे एकाच ठिपक्याखाली रुंदीत जवळजवळ चार पिक्सेल येतात. जो तपशील भिंगातून पोचलाच नाही, तो पिक्सेल वाढवून कुठून येणार? म्हणूनच हा सेन्सर सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचा फोटोही देतो, आणि अंधारात त्याच मार्गाने जातो. फोन बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. खोक्यावर मात्र २०० हाच आकडा ठळक असतो.

अंधारातल्या फोटोंबद्दलचा दावा अर्धा खरा आहे आणि ते श्रेय फोनला द्यायलाच हवं. एकामागून एक अनेक फ्रेम टिपून त्या जुळवायच्या आणि त्यातला दाणेदारपणा घालवायचा, ही फार मोठी प्रगती आहे. रात्रीची इमारत किंवा देखावा हातात धरलेल्या फोनने सुरेख येतो. पण फ्रेम जुळवायच्या तर समोरचं दृश्य स्थिर हवं. नाचणारी व्यक्ती किंवा धावणारं मूल आलं की हलणारा भाग अस्पष्ट येतो, नाहीतर सॉफ्टवेअर तो पुसून गुळगुळीत करून टाकतं. तिथे एकाच क्षणात भरपूर प्रकाश घेणारी लेन्सच लागते. ८५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्सचं छिद्र ४७ मिलिमीटरचं असतं. फोनच्या मुख्य लेन्सचं चारएक मिलिमीटरचं.

१०० पट झूमबद्दल थोडक्यात. फोनमधलं भिंग त्यातला थोडाच भाग करतं, उरलेलं काम चित्र कापून मोठं करण्याचं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनमधल्या चंद्राच्या फोटोंवरून वाद झाला, तेव्हा चंद्र ओळखून त्याचा तपशील एआयच्या मदतीने उठावदार केला जातो, हे कंपनीनेच सांगितलं.

कॅमेरे संपले, हे आकड्यांवर टिकत नाही. घसरण मोठी झाली, यात शंका नाही. जपानमधल्या सीआयपीए या उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२३ मध्ये सुमारे ७७ लाख. पण हरवलेला बहुतांश आकडा साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा होता आणि त्यांची जागा फोनने रास्तपणे घेतली. २०२४ मध्ये एकूण आकडा पुन्हा चढून ८५ लाखांच्या घरात गेला. त्यात सुमारे ५६ लाख मिररलेस (आरशाशिवायचे, लेन्स बदलता येणारे) होते, डीएसएलआर जेमतेम १० लाख. म्हणजे कॅमेऱ्यातला आरसा गेला, कॅमेरा राहिला. कॉम्पॅक्टची मागणीही त्या वर्षी थोडी वाढली.

उरला विकून टाकण्याचा सल्ला. फोटो फक्त फोनच्या पडद्यावरच पाहायचे असतील आणि कॅमेरा वर्षानुवर्षं कपाटात पडून असेल, तर जरूर विका. पण मुलांचे खेळ, पक्षी, रंगमंच यांतलं काही टिपत असाल, तर दहा वर्षांपूर्वीचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेराही पुरेसा आहे. ४के पडद्याला जेमतेम ८.३ मेगापिक्सेल लागतात. हाताशी पैसे असतील तर नवीन बॉडीऐवजी (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याऐवजी) मोठ्या छिद्राची एक चांगली लेन्स घ्या.