‘घरचे आहे, म्हणजे पुरेसे आहे’ : कुत्र्यांच्या जेवणाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा एक लांबलचक संदेश गेल्या वर्षभरात माझ्यापर्यंत निदान सहा वेळा पोहोचला आहे. त्याचा आशय असा : पाकिटातले कोरडे खाद्य म्हणजे धान्याचे भरताड आणि रसायने, अर्थात सावकाश भिनणारे विष, त्याऐवजी घरचे बिनमसाल्याचे चिकन, भात आणि गाजर-भोपळा दिला की संपूर्ण आहार झाला, कॅल्शियमसाठी नाचणी आणि दूध पुरते, ड जीवनसत्त्व उन्हातून मिळते, जंत होऊ नयेत म्हणून लसणाची पाकळी घालावी, पदार्थ आलटून पालटून दिले की उरलेसुरले आपोआप भरून निघते, आणि आजोळची कुत्री भाकरी खाऊनच पंधरा-पंधरा वर्षे जगत होती. मी स्वतः गेली सात वर्षे माझ्या कुत्रीचे जेवण घरी शिजवते, तेव्हा पाकिटाची वकिली करण्याचे मला कारण नाही. घरी शिजवलेले अन्न कुत्र्याला उत्तम मानवू शकते. पण ते घरचे असल्यामुळेच पुरेसे ठरते, हे या संदेशाने गृहीत धरले आहे आणि तिथेच तो घसरला आहे.

विषाच्या आरोपात तथ्याचा अंश आहे, तो आधी मान्य करते. २००७ साली अमेरिका आणि कॅनडात कुत्र्या-मांजरांचे खाद्य मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत घ्यावे लागले, कारण चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन मिसळलेले निघाले. नायट्रोजन मोजून प्रथिनांचा अंदाज घेणाऱ्या चाचणीत माल सरस दिसावा म्हणून ही भेसळ केली गेली होती आणि तिच्यापायी असंख्य प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. अशा इतिहासामुळे कोणाला पाकिटाचा भरवसा वाटत नसेल, तर मी वाद घालणार नाही. धान्याच्या भरताडाचा आरोप मात्र संदेशाच्याच अंगावर येतो, कारण पुढच्याच ओळीत तो पातेलेभर भात सांगतो. कुत्र्याला धान्य पचत नाही हेही खरे नाही : २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तिसापर्यंत आढळतात. माणसाच्या उकिरड्याशेजारी काढलेल्या हजारो वर्षांची ही खूण आहे.

आता मुख्य मुद्दा, चिकन-भात-गाजर. माझ्याच कुत्रीचे उदाहरण घेते. वजन वीस किलो, नसबंदी झालेली, दिवसाची ऊर्जेची गरज साधारण १०५० किलोकॅलरी. संदेशाप्रमाणे तिला दोनशे ग्रॅम बिनहाडाचे चिकन, दोनशे ग्रॅम तांदळाचा भात, शंभर ग्रॅम गाजर-भोपळा आणि चमचाभर तेल दिले, तर ऊर्जेचा हिशेब जवळपास जुळतो, प्रथिनेही बरी मिळतात आणि ताटलीकडे पाहून कोणालाही समाधान वाटेल. मग कॅल्शियम मोजू. चिकनमधून वीस-पंचवीस मिलिग्रॅम, तांदळातून तेवढेच किंवा थोडे जास्त, भाजीतून तीस-पस्तीस. सगळे ओढूनताणून शंभराच्या आसपास. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची ‘आफ्को’ ही संघटना प्रौढ कुत्र्यासाठी दर हजार किलोकॅलरीमागे किमान १.२५ ग्रॅम, म्हणजे १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम धरते. गरजेच्या दहाव्या हिश्श्याइतकेही कॅल्शियम त्या ताटलीत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की मांस आणि तांदूळ या दोहोंत फॉस्फरस भरपूर असल्याने त्याचा आकडा सहाशेच्या घरात जातो. कॅल्शियम हे फॉस्फरसच्या बरोबरीने ते दुपटीपर्यंत असावे, असा दंडक आहे. इथे फॉस्फरसच कॅल्शियमच्या सहापट होतो.

याचे परिणाम लगेच दिसत नाहीत, म्हणूनच संदेशाला साक्षीदार मिळत राहतात. अन्नातून कॅल्शियम आले नाही की गळ्यातल्या परावटू ग्रंथी जास्त संप्रेरक सोडतात आणि रक्तातली पातळी राखण्यासाठी कॅल्शियम हाडांतून काढून घेतले जाते. ‘आम्ही रक्त तपासून घेतले, कॅल्शियम नॉर्मल आले’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात, पण तो नॉर्मल आकडा हाडांच्या ठेवीतून भरलेला असतो आणि ठेव किती उरली हे त्या अहवालात नसते. प्रौढ कुत्र्यात हे कित्येक महिने चालू शकते. पिल्लाची गरज मात्र अडीच पटींच्या आसपास असते आणि त्याच्याकडे ठेव जवळजवळ नसतेच. आमच्या सोसायटीत चार महिन्यांचे एक लॅब्राडोरचे पिल्लू केवळ चिकन-भातावर वाढत होते. गुटगुटीत, चकचकीत केसांचे, सगळ्यांचे लाडके. एके दिवशी ते जिना उतरेना. पुढच्या पायांचे पंजे बाहेर फाकले होते आणि पाठीला हात लावला की ते ओरडत होते. पशुवैद्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा मी तिथे होते : हाडे पांढरी दिसायला हवी होती, ती भोवतालच्या मांसाइतकीच राखाडी होती, कडा कुठे संपते ते शोधावे लागत होते. नशिबाने वेळेवर कळले. पिंजऱ्यातली विश्रांती आणि पिल्लांसाठीचे तयार खाद्य, संदेशातले तेच ‘विष’, यांवर काही आठवड्यांत ते पुन्हा चालू लागले.

यावर संदेशाचे उत्तर तयार असते : नाचणी घाला. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हे बरोबर. पण १२५० मिलिग्रॅम गाठायचे तर साडेतीनशे ग्रॅम नाचणी लागेल आणि तिच्यातच दिवसभराच्या सगळ्या किलोकॅलरी संपतील. चिकनला जागाच उरणार नाही. शिवाय नाचणीतले फायटेट त्यातल्या बऱ्याच कॅल्शियमला धरून ठेवते, ते वेगळेच. दुधातून भागवायचे तर रोज लिटरभर दूध पाजावे लागेल, आणि मोठ्या कुत्र्याला दुधातली साखर नीट पचत नसल्याने त्यानंतर काय होईल ते घरातल्या फरशीलाच विचारावे. उन्हाचा मुद्दा तर मुळातच चुकीचा आहे : माणसाप्रमाणे कुत्र्याच्या कातडीत पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते.

अंड्याच्या कवचाची पूड हा त्या मानाने खरा उपाय आहे. कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि त्याच्या वजनाच्या सुमारे चाळीस टक्के भाग कॅल्शियम असतो, त्यामुळे माझ्या कुत्रीला दिवसाला तीन-साडेतीन ग्रॅम बारीक पूड पुरते. मात्र हे ग्रॅमचे गणित आहे, चिमटीचे नाही. मोठ्या जातीच्या पिल्लाला कौतुकाने जास्तीचे कॅल्शियम पाजणे कमी देण्याइतकेच घातक ठरते. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत अति कॅल्शियमनेही हाडे वेडीवाकडी झालेली दिसली. आपल्याकडे पिल्लू घरी आले की पहिल्याच दिवशी सिरपची बाटली आणली जाते, ती आणताना त्याला खायला काय मिळते आहे हे क्वचितच विचारले जाते.

लसणाचा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. लसणाने जंत जातात याला आधार नाही; जंतांचे औषध स्वस्त आहे आणि ते वजनानुसार पशुवैद्यांकडून घ्यावे. कांदा आणि लसूण या एकाच कुळातल्या वनस्पतींमधील गंधकाची संयुगे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कांद्याबाबत किलोमागे पंधरा ते तीस ग्रॅमला रक्तात ठळक बदल होतात, म्हणजे पाच किलोंच्या पॉमेरेनियनला एक मध्यम कांदा पुरतो. लसूण वजनागणिक कांद्याहून तीव्र असतो. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा गुण जात नाही. एखाद्या पाकळीने मोठे कुत्रे कोसळत नाही, हे खरे. पण रोज घालण्याचा सल्ला सरसकट सगळ्यांना दिला जातो, त्यात इवलासा चिवावाही आला. ‘बिनमसाल्याचे’ या शब्दाने इथे फार घोटाळा केला आहे. तिखट वगळले की आमटी निरुपद्रवी झाली, असे समजून ती भातावर ओतली जाते, आणि तिच्यात फोडणीचा लसूण असतो, मीठ असते, पुष्कळदा चिंचही असते. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असा अंदाज अमेरिकी विषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडला आणि पाठोपाठ चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही तसाच मूत्रपिंडाचा आघात नोंदला गेला. चिंचेत हे आम्ल भरपूर असते. आंबटगोड वरण घरोघरी होणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही नोंद जास्त गांभीर्याने घ्यायला हवी.

पदार्थ बदलत राहण्याचा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. परंतु कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये पुस्तके आणि संकेतस्थळे यांतून घेतलेल्या घरगुती आहाराच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा १९० पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी भरला आणि बहुसंख्य पाककृतींत एकाहून अधिक. पुष्कळ पाककृतींमध्ये उणीव त्याच त्या घटकांची होती, उदाहरणार्थ जस्त, तांबे, कोलीन. सोमवारी चिकन, मंगळवारी मटण आणि बुधवारी मासे दिले तरी तिन्ही दिवस जस्त कमीच पडत असेल, तर आठवड्याची सरासरी कुठून भरणार?

आजोळच्या कुत्र्यांविषयी इतकेच म्हणते की ती नुसत्या भाकरीवर जगत नव्हती. उंदीर, मेलेल्या जनावरांची हाडे, गाई-म्हशींची वार, उकिरडा, असे बरेच काही त्यांच्या पोटात जाई. आणि आपल्याला आठवतो तो पंधरा वर्षे जगलेला एक मोत्या, त्याच्याबरोबर जन्मून पहिल्या पावसाळ्यातच गेलेली भावंडे कोणी मोजलेली नसतात.

मी काय करते, हे विचारले जाईलच. पशुआहाराचे शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांकडून माझ्या कुत्रीच्या वजनाप्रमाणे आणि तपासण्यांप्रमाणे पाककृती बसवून घेतली आहे. रविवारी चिकनचा खिमा, मोजकी कलेजी, तांदूळ, भोपळा आणि तेल काट्यावर तोलून शिजवते, डब्यांत भरून फ्रीझरला ठेवते, आणि वाढताना वरून खनिज-जीवनसत्त्वांची ठरलेली पूड घालते, कारण ती अन्नासोबत शिजवायची नसते. तेल सुद्धा मनाने बदलत नाही. एवढे करूनही गेल्या पावसाळ्यात पुडीचा डबा संपला, दुकानात माल नव्हता आणि चार दिवसांनी काय बिघडते असे म्हणता म्हणता पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत माझ्या कुत्रीत कणभरही फरक दिसला नाही. ती रोज तितक्याच आनंदाने वाटी चाटूनपुसून लख्ख करत होती.