सांगायचं ना!

अलास्कातलं फेअरबँक्स. सकाळी सव्वासात. मायनस ४१. बाहेर मिट्ट काळोख, सूर्य उगवणार साडेदहाच्या पुढे. मी किल्ली फिरवली, गाडी एकदा कण्हली आणि गप्प झाली. दुसऱ्यांदा फिरवली तर तेवढंही नाही. उतरून टॉर्च मारला तर जाळीतून बाहेर येणारी ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची, पिन मोकळी लोंबत होती आणि एक्स्टेंशनची वायर बर्फावर पडलेली होती. रात्री नऊला मी स्वतः लावून आले होते. टायमर तीनचा लावला होता, म्हणजे सातपर्यंत चार तास मिळतात.

वायरीचा माग काढत भिंतीपर्यंत गेले. बाहेर दोन सॉकेट आहेत. वरचं नवऱ्याच्या पिकअपचं, खालचं माझं. माझ्या सॉकेटमध्ये स्नोमशीनच्या, त्या बर्फावरच्या स्कूटरच्या, बॅटरीचा चार्जर होता.

स्नोमशीनचा! रविवारी मित्रांबरोबर ट्रेलवर फिरायचं असतं, त्याचा! आणि आज गुरुवार आहे.

त्याची स्वतःची पिकअप रात्रभर व्यवस्थित लावलेली होती. सहाला उठला, सुरू केली, सीट गरम झाल्यावर बसला आणि गेला. जाताना माझ्या गाडीच्या शेजारून गेला. हेडलाइटच्या उजेडात ती जमिनीवर पडलेली वायर त्याला दिसली असणार. नसेल दिसली, तर त्याचा मला जास्त राग आहे.

फोन केला. तो म्हणाला, "अगं, मला वाटलं तू आज घरून काम करतेयस." मी लॅबमध्ये काम करते. रक्ताचे नमुने तपासते. सात वर्षं. एकही दिवस घरून केलेलं नाही, कारण रक्ताच्या नळ्या कुणी घरी आणून देत नाही. हे मी त्याला म्हटलं. त्यावर दोन सेकंद गप्प बसला आणि मग ते वाक्य बोलला, ज्याच्यामुळे मी आत्ता रात्री हे लिहित बसले आहे.

"मग सांगायचं ना मला."

काय सांगायचं? मायनस ४१ला इंजिनातलं ऑइल काकवीसारखं होतं, हे सांगायचं? हा इथला आपला अकरावा हिवाळा आहे, हे? की ज्या वायरीवर माझ्या हाताने लाल टेप गुंडाळलेली आहे ती माझ्या गाडीची आहे? त्याला हे सगळं माहीत आहे. नवीन कुणी बदलून फेअरबँक्सला आलं की त्याला हाच माणूस तासभर शिकवतो. ऑइल पॅनचा हीटर वेगळा घ्या, बॅटरीखाली पॅड टाका, केशरी स्वस्त वायर घेऊ नका, थंडीत तिचं आवरण तडकतं. सगळं पाठ आहे. फक्त माझी गाडी आली की त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

वर म्हणतो, "इथे तर एवढं नाहीये, मायनस २७ आहे." असणारच! तो टेकडीवर काम करतो आणि आपण दरीत राहतो. थंड हवा खाली साचते, वर ऊब असते, इथे शेंबड्या पोरालाही हे कळतं. गोल्डस्ट्रीमच्या दरीत घर घेऊ नको म्हणून मी तेव्हा कानीकपाळी ओरडले होते. जागा मोठी मिळते म्हणाला. मोठी जागा कशाला हवी होती? स्नोमशीन ठेवायला.

सात वीसला मी चार्जर उपटला आणि माझी वायर परत लावली. वायर अशी काठीसारखी ताठ झालेली की वाकवून पिनपर्यंत नेता येईना. जाड हातमोज्यांत पिन धरता येत नाही, म्हणून मोजे काढले. दोन मिनिटांत बोटांची टोकं पांढरी पडली. प्लगच्या टोकाचा तो बारीक दिवा लागला तेव्हा मला रडू आलं आणि पापण्या चिकटल्या. या हवेत रडायचीही सोय नाही.

धाकटा दप्तर घेऊन दारात उभा. आठची शाळा. मधलं दार उघडं, बाहेरचं दार उघडं, घरातली सगळी ऊब धुरासारखी बाहेर चाललेली. मी त्याच्यावर जी ओरडले ती शेजारच्या कुत्र्यांनीही ऐकली असेल, आणि शेजार पाव मैलावर आहे. दोन दारं कशासाठी असतात? एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे मी किती वेळा सांगू? बिजागऱ्यांवर बर्फाचे फणस आलेत. रोज सकाळी मी ते सुरीने खरवडते, तेव्हा दार लागतं. ते कोण खरवडतं हे या घरातल्या तिघांपैकी एकालाही माहीत नसावं.

लॅबला कळवलं. सुपरवायझर समंजस आहे, इथली आहे, "नॉट प्लग्ड इन?" एवढंच म्हणाली आणि मी हो म्हटलं. पण माझ्या जागी जी थांबली ती बारा तासांची रात्रपाळी करून थांबली. तिलाही घरी पोरं आहेत. तिची माफी मी मागितली. ज्याने वायर काढली त्याने नाही मागितली.

गाडी सुरू झाली सव्वाअकराला. टायर रात्रभरात खालून चपटे झालेले, पहिला मैलभर चौकोनी चाकांवर बसल्यासारखं धडधडत जायचं. रस्त्यावर बर्फाचं धुकं, पुढच्या गाडीचा धूर तिथेच लटकलेला, दिसत काही नाही. बारा वाजता लॅबमध्ये पोचले आणि नणंदेचा मेसेज वाचला. पुण्यात रात्रीचे अडीच वाजले होते, तिला झोप येत नव्हती. "वहिनी, बर्फ पडतोय का? मज्जा आहे तुमची!" ताई, मायनस ४०ला बर्फ पडत नाही हो. आकाश निरभ्र असतं म्हणूनच एवढं गारठतं. पंख्याखाली बसून मज्जा म्हणू नका. मायनस ४०ला फॅरनहाइट आणि सेल्सिअस एकच होतात, त्यामुळे मला तुमच्यासाठी आकडाही बदलून सांगावा लागत नाही. आकडा वाचा आणि मग मज्जा लिहा.

आता विषय निघालाच आहे तर सगळंच बोलते.

पाणी. आमच्याकडे नळाचं पाणी नाही, जमिनीत टाकी आहे, टँकर येऊन भरतो. टाकीत किती उरलं हे कोण बघतं? मी. फोन कोण करतं? मी. एकदाच, एकदाच मी म्हटलं की या वेळी तू बघ. तो गणपतीचा आठवडा होता. चतुर्थीला सकाळी उकड काढायला पातेलं नळाखाली धरलं आणि नळाने फुस्स केलं. अकरा माणसं जेवायला येणार होती. काहीजण दोन तास गाडी चालवून येणार होते. मी शेजारणीकडून पाच पाच गॅलनचे चार कॅन आणले आणि त्यात मोदक, वरण, भात, भांडी सगळं केलं. तेव्हाही हेच वाक्य ऐकलं. "अगं, आठवण करायची ना!" आणि पाणी संपण्याचं एक कारण आमची थोरली, जी पंचवीस मिनिटं शॉवरखाली उभी राहते आणि पाणी कुठून येतं असं विचारलं तर "टाकीतून" एवढं सांगते. टाकीत कुठून येतं, बाळा?

टायर. खिळ्यांचे टायर ३० एप्रिलपर्यंत काढायलाच लागतात. कायदा आहे, तारीख ठरलेली आहे, दर वर्षी तीच. दर वर्षी २९ला रात्री याला कळतं. आणि हाच माणूस नेनाना गावच्या बर्फाच्या पैजेच्या तिकिटांची वही ठेवतो! तानाना नदीवरचं ते लाकडी तिकाटणं कधी हलणार, बर्फ कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला फुटणार, १९१७पासूनचं सगळं त्याला तोंडपाठ. २०१३ला २० मे, सगळ्यात उशिरा. २०१९ला १४ एप्रिल, सगळ्यात लवकर. मध्यरात्री उठवून विचारा, सांगेल. म्हणजे डोक्यात जागा आहे. कुणाला द्यायची ते तो ठरवतो.

२०२१चा नाताळ. भर डिसेंबरात पाऊस पडला, वर बर्फ पडला, आणि ते खाली गोठलेलं रस्त्यांवरून वसंतापर्यंत उखडलं नाही. वीज गेली. हा चुलतभावाच्या लग्नाला भारतात. मी दोन पोरांना घेऊन लाकडाच्या शेगडीसमोर गाद्या टाकून झोपत होते, रात्री दोनदा उठून लाकूड घालत होते, सिंकखालचा पाइप गोठू नये म्हणून कपाटाची दारं उघडी ठेवत होते. फोनवर म्हणाला, "शेजाऱ्यांना सांगायचं ना." सांगितलं होतं. शेजारी स्वतःच छतावर चढून बर्फ ढकलत होते.

मे महिन्यात सांडपाण्याच्या पाइपवरची हीट टेप बंद करायची, नाहीतर विजेचं बिल उगाच चढतं. इथे युनिटला वीस सेंटच्या वर पडतात. ऑक्टोबरात ती परत सुरू करायची, नाहीतर पाइप जातो. जूनमध्ये रात्री बारालाही लख्ख उजेड असतो म्हणून पोरांच्या खिडक्यांना फॉइल लावायचं, ऑगस्ट संपला की काढायचं. वणव्यांचा धूर आला की खिडक्या बंद करून फिल्टर बदलायचे. चिमणी साफ करून घ्यायची. हीटिंग ऑइलच्या टाकीत दांडी बुडवून बघायची. डिसेंबरात पावणेचार तासांचा दिवस, तेव्हा सगळ्यांच्या तोंडात व्हिटॅमिन डीची गोळी जाते का बघायचं. ही यादी कुठेही लिहिलेली नाही. ती माझ्या डोक्यात आहे आणि मला तिचा वीट आलाय.

आणि हो, ते खालच्या राज्यांतले दुकानदार! वस्तू निवडली, पत्ता टाकला, पैसे भरायची वेळ आली की "अलास्काला पाठवत नाही". अरे, आम्ही त्याच देशात राहतो! तीच टपालाची तिकिटं लावतो! तीन आठवड्यांपूर्वी मी थंडीत न तडकणारी जास्तीची वायर आणि तीन तोंडांचं सॉकेट मागवत होते. तिघांनी नकार दिला. ती वस्तू आली असती तर आज चार्जरलाही जागा झाली असती. हेही मी त्याला तेव्हा सांगितलं होतं. म्हणाला, "बघू."

दुपारी धाकट्याला शाळेतून आणताना त्याला सॉरी म्हटलं. त्याचा काय दोष? मायनस २० फॅरनहाइटच्या खाली मधल्या सुट्टीत बाहेर सोडत नाहीत, दिवसभर वर्गात कोंडलेलं पोर. तो म्हणाला, "आई, दार मी लावतो रोज, आज तू ओरडत होतीस म्हणून बघायला आलो." मला फार वाईट वाटलं. गाडी थांबवून त्याला जवळ घेतलं.

मग आईची आठवण आली. आमच्याकडे चिपळूणला पावसाआधी आगोटीची बेगमी असायची. मे महिनाभर आई डोक्याला पदर बांधून उन्हात. सांडगे, फेण्या, आमसुलं, सुकी मासळी, लाकडं खोपीत रचून वर झावळ्या. पहिला पाऊस आला की बाबा ओटीवर बसून म्हणायचे, "झाली हो आमची आगोट." आमची! एका वर्षी आईला टायफॉइड झाला आणि लाकडं भिजली. श्रावणापर्यंत चुलीत धूर. बाबा काय म्हणाले ते मला नीट आठवतं, कारण मी दहा वर्षांची होते आणि आई तापातून उठून बसली होती. "एका शब्दाने सांगायचंस की."

आई काही बोलली नाही तेव्हा. मी आज बोलले. फोनवर बोलले, संध्याकाळी तो आल्यावर पुन्हा बोलले, जेवताना पोरांसमोर बोलले, आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. तो येताना हार्डवेअरच्या दुकानातून तीन तोंडांचं सॉकेट घेऊन आला. चूक झाली म्हणाला. मनापासून म्हणाला, ते मला दिसलं. मग कोट काढता काढता विचारलं, "उद्या किती आहे गं?"

फोन त्याच्या हातात होता.

आत्ता नऊ वाजता मी बाहेर जाऊन वायर लावून आले. मायनस ४२. नवीन सॉकेट अजून पिशवीत आहे, चार्जर शेडमध्ये ठेवलाय आणि शेडची किल्ली माझ्या खिशात आहे. प्लगचा दिवा लागलेला होता. साडेअकराला झोपण्याआधी परत जाऊन बघणार आहे.