ताप कुणाला आलाय?

कुरिअरवाला दारात उभा राहिला की आमची आई आधी माझ्या कपाळाला हात लावून बघते. चूक माझीच. खोक्यात काय आहे असं तिनं एकदा विचारलं आणि मी खरं बोलून गेलो, "कोलन." तिच्या लेखी कोलन म्हणजे कोलन वॉटर आणि कोलन वॉटर म्हणजे ताप. आम्हा भावंडांपैकी कुणी फणफणलं की फळीवरची ती बाटली खाली यायची. वाटीभर पाण्यात चार थेंब, रुमालाची घडी, घडी कपाळावर. एक बाटली चार पोरांना शाळा सुटेपर्यंत पुरली. आता त्याच घरात सुगंधाच्या बत्तीस बाटल्या आहेत आणि आजारी कुणीच नाही, हे तिला पटत नाही. "खरं सांग, डॉक्टर काय म्हणाला तुला?"

मी तिला इतिहास सांगून बघितला. फारिना नावाच्या इटालियन घराण्यानं 1709 मध्ये जर्मनीतल्या कोलोन गावात पेढी काढली. त्यातल्या योहान मारिया फारिनानं लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या तेलांचं सुगंधी पाणी बनवलं आणि त्याला गावाचं नाव दिलं. आपली संकेश्वरी मिरची, तसं ते कोलोनचं पाणी.

"म्हंजे पाणीच न्हवं?"

पाणीच. नाही म्हणजे अल्कोहोल आणि पाणी. ओ द कोलोनमध्ये सुगंधी तेल शेकडा दोन ते पाच, ओ द तॉयलेतमध्ये पाच ते पंधरा, ओ द पार्फममध्ये पंधरा ते वीस. हे ऐकून आई एवढंच म्हणाली की आमचा गवळी बरा, तो निदान निम्मं तरी दूध घालतो.

हा नाद मला चाळिशीत लागला. त्या वयात माणसाला एकतर अध्यात्म लागतं किंवा गुडघेदुखी. मला बाटल्या लागल्या. ऊन आणि उजेड लागला की सुगंध बिघडतो, म्हणून त्या बायकोच्या कपाटात, पैठण्यांच्या मागे अंधारात असतात. किंमत सांगताना मी शेवटचं एक शून्य गिळतो. साडेचार हजाराच्या बाटलीला साडेचारशे. ही युक्ती तीन वर्षं बिनबोभाट चालली. मग भाऊबीजेला बायकोनं त्यातली एक बाटली भावाला देऊन टाकली. "साडेचारशेचीच तर होती," असं ती म्हणाली असती तर मी सोसलं असतं. आठवड्यानं तिनं माझ्या हातावर पाचशेची नोट ठेवली. "दादाला फार आवडली हो. वहिनीच्या भावालाही पाहिजे. अजून एक मागवा, आणि वरचे पन्नास ठेवून घ्या तुम्हाला." मी मागवली. वरचे पन्नास ठेवूनही घेतले.

या नादातलं खरं दुखणं पैशाचं नाही, नाकांचं आहे. मी बाटलीबरोबर वही ठेवतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उडून जातो तो वरचा थर, मग मधला, आणि शेवटी रात्री उशीला चिकटून राहतो तो तळाचा, असं सगळं वेळेसकट टिपून ठेवतो. माझ्या घरच्यांना वही लागत नाही. एका रविवारी मी समुद्राच्या वासाचं कोलन लावून मोठ्या ऐटीत बाहेर आलो. वहीत लिहिलं होतं, 'खारा वारा, ओले खडक, दूरवर क्षितिज.' बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "कलिंगड कुणी कापलं हो? फोडी झाकून ठेवा, माश्या येतील." मला राग आला. रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं की या समुद्री वासामागे कॅलोन नावाचं रसायन असतं. ते 1966 मध्ये फायझरच्या प्रयोगशाळेत सापडलं, आणि जाणकारांना त्यात समुद्राइतकंच कलिंगडही लागतं. वहीतलं क्षितिज मी खोडलं.

फुजेरचंही तेच. पुरुषांच्या सुगंधातलं हे मोठं खानदान. उबिगाँ या फ्रेंच अत्तरवाल्या घराण्यानं 1882 मध्ये 'फुजेर रोयाल' काढलं, त्यात कुमारीन वापरलं, आणि तिथून पुढे शंभर वर्षं जगभरचे बाप्ये त्या वळणाचा वास लावून दाढ्या करत राहिले. मी ते लावून मळ्यात गेलो. चुलत्यांनी दोनदा हुंगलं आणि माझ्या खांद्यामागे बघायला लागले. "वैरणीची गाडी आली व्हय रं?" आता कुमारीनचा वास नेमका कसला? वाळलेल्या गवताचा. चुलते चौथी नापास आहेत.

आपलं स्वतःचं नाक मात्र दगा देतं. एकच वास सतत येत राहिला की थोड्या वेळानं नाक त्याची दखलच घेत नाही. मग आपल्याला वाटतं, उडालं वाटतं सगळं, आणि आपण आणखी दोन फवारे मारतो. मी चिकोडीला बँकेत जातो. जुलैचा महिना, बाहेर धो धो पाऊस, बसच्या सगळ्या खिडक्या बंद, आणि माझ्या अंगावर सात फवारे. सात हा आकडा मला आज कळतोय, त्या वेळी दोनच वाटले होते. वाटेतच शेजारच्या आजीबाईंनी खिडकी उघडली. पाऊस थेट त्यांच्या तोंडावर येत होता, पण खिडकी त्यांनी लावली नाही. तिकीट फाडता फाडता कंडक्टर म्हणाला, "येन सर, मदुवी ऐतेन?" लग्न आहे का. मी नाही म्हणालो. त्यावर त्यानं ज्या नजरेनं बघितलं त्यावरून वाटलं, लग्न आहे म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ज्या एका माणसानं मनापासून कौतुक केलं त्यानं माझा संसार मोडायला आणला होता. कन्नडात वासाला 'वासने' म्हणतात. आमच्या इकडच्या बोलीत त्याचं 'वासनी' होतं. सीमाभागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण माझी सासुरवाडी साताऱ्याकडची. सासूबाई आठवडाभर राहायला आल्या होत्या, तेव्हा बँकेतला शिपाई काही कागद द्यायला घरी आला. आत पाऊल टाकताच तो गदगदून म्हणाला, "सर, निम्म वासनी भाळ छलो ऐतरी!" तुमचा वास फार छान आहे. सासूबाईंना त्यातले दोनच शब्द लागले, 'सर' आणि 'वासनी'. शिपाई गेल्यावर त्यांनी मुलीला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा सगळं समजलेलं होतं, तरी पुढचे चार दिवस त्या माझ्यासमोर पदर जरा जास्तच सावरून बसत होत्या.

बेळगावला गेलो की खडे बाजारातून हिंडतो. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरं, मग कोपराच्या खळग्यांत दोन, आणि तिथून पुढे हात संपतात. असा आलटूनपालटून स्वतःलाच हुंगत रस्त्यानं चाललो की ओळखीची माणसं पलीकडच्या फुटपाथला जातात. तिथल्या बोळातल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यानं मला थांबवलं, काडीवर कापूस गुंडाळला आणि मनगटाच्या मागच्या बाजूला कनोजचं मिट्टी अत्तर लावलं. भाजलेल्या मातीचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात ते. मृगाच्या पहिल्या सरीला पिवळ्या पडलेल्या रानातून येतो तो वास, तोळ्यावर विकायला ठेवलेला. मग त्यानं माझ्या दुसऱ्या मनगटावरचं पॅरिस हुंगलं, आणि इंजेक्शन टोचताना नर्स वळवते तसं तोंड वळवलं. "स्पिरिट हाय सायेब. सुई कधी टोचणार?"

पण हे सगळे हौशी झाले. खरं नाक घरात बसलं होतं.

अण्णांनी निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं माल पारखला. संध्याकाळी ते घरी आले की आई उंबऱ्यावरच अडवायची, शर्ट अंगणातल्या खुंटीला आणि मग आत. तरी वास यायचाच. आमच्या दप्तरांना, अंथरुणांना, दिवाळीच्या करंज्यांना. 1981 साली दरासाठी शेतकरी हायवेवर बसले तेव्हा अण्णा काही दिवस वखारीत गेले नाहीत. तेवढे दिवस त्यांच्या अंगाला साबणाचा वास आला आणि धाकटी बहीण त्यांच्याजवळ जाईना. शाळेत मला पोरं 'जर्दा' म्हणायची. शेजारच्या बाकावरचा मुलगा मास्तरांदेखत शिंकायचा, खोटा खोटा.

आणि पन्नाशी ओलांडल्यावर मी पैसे मोजून तंबाखूच्या वासाचं अत्तर मागवलं. हे काही आजचं खूळ नाही. पॅरिसमध्ये कॅरोन नावाच्या अत्तराच्या पेढीनं 1919 मध्येच 'ताबाक ब्लाँ' काढलं होतं, आणि 2007 मध्ये टॉम फोर्डनं तंबाखूत व्हॅनिला घालून 'टोबॅको व्हॅनिल' आणलं. मी घेतलं ते त्याच वळणाचं, जरा स्वस्तातलं. स्वस्त म्हणजे शून्य गिळावं लागण्याइतकं.

रविवारी सकाळी लावून बाहेर आलो. अण्णा कट्ट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

"हिकडं ये."

त्यांनी माझं मनगट धरलं, अंगठा आणि दोन बोटांनी चोळलं, जसा पाला चोळतात तसंच. बोटं नाकाशी नेली. डोळे मिटले. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण चेहरा वखारीतला झाला. मी हात पुढे करून उभा, भाव मागायला आलेल्या शेतकऱ्यासारखा.

"पाला बरा हाय," अण्णा म्हणाले. "पर नीट वाळीवला न्हाई. ओल हाय आत. आनि वजन भराय गुळाचं पाणी मारलंय वरनं."

"ती व्हॅनिला आहे अण्णा."

"आसंल. दर न्हाई पडायचा." त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं. "कितीला घेतलास?"

"चारशे," मी म्हणालो.

"किलोला?"

"पन्नास मिलीला."

अण्णा काही बोलले नाहीत. माझं मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही. पेपर दुमडून मांडीवर ठेवला आणि तिसऱ्यांदा बोटं नाकाशी नेली, ह्या वेळी भाव ठरवायचा नव्हता तरी. एवढ्यात आतून आईचा आवाज आला, हातातलं भांडं न ठेवताच ओरडली असावी.

"आलासा व्हय वखारीतनं? आधी त्यो शर्ट भाईर लावा बगू!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी शर्ट काढला आणि बनियनवर अंगणात गेलो. खुंटी अजून तिथंच आहे.