गोव्याची बिअर खरंच वेगळी लागते का? झाकून चाखा, पण नीट चाखा

सावंतवाडी, बांदा, शिरोडा, वेंगुर्ला या गोव्याच्या सीमेलगतच्या पट्ट्यात बिअरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "गोंयची बियर ती गोंयची, हयच्या बियरीक ती चव नाय." ब्रँड तोच, बाटली तीच, तरी वाक्य ठाम. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला तशी चव खरोखर लागलेली असते. पण दोन्हीकडची बिअर एकाच वेळी, एकाच गारव्याची, शेजारी शेजारी ठेवून जवळपास कुणीच चाखलेली नसते. आणि ज्यांनी कधी "डोळे बांधून" चाचणी केली, त्यातल्या बहुतेकांची पद्धत अशी असते की तिच्यातून काहीच कळत नाही. हे पोस्ट त्यासाठी आहे.

शेजारी ठेवून का चाखली जात नाही, याचं कारण साधं आहे. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, आणि सीमेवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर काय होतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे समोरच्या ग्लासाची तुलना होते ती आठवणीतल्या ग्लासाशी. तिकडे मोरजी किंवा आरंबोलचा किनारा, संध्याकाळ, घशाला कोरड, स्वस्त बाटली, सुट्टी. इकडे घरची खुर्ची आणि उद्या कामावर जायचं. यात बिअरचा वाटा किती आणि बाकीचा किती, हे आठवण सांगू शकत नाही.

खरा फरक असूच शकत नाही, असं मात्र म्हणू नका. एकच ब्रँड वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या कारखान्यांत बनतो, पत्ता लेबलवर छापलेला असतो. शिवाय जिथे खप मोठा तिथे माल लवकर फिरतो, म्हणून हातात येणारी बाटली ताजी असण्याची शक्यता जास्त. मला विचाराल तर फरक असलाच तर तो राज्याचा कमी आणि तारखेचा व साठवणुकीचा जास्त. त्याकडे शेवटी येतो.

आधी हे बघा की लेबल काय करतं. अमेरिकेत १९६४ साली अ‍ॅलिसन आणि उल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीनशेहून जास्त बिअर पिणाऱ्यांना लेबल काढलेल्या बाटल्या घरी प्यायला दिल्या आणि गुण द्यायला सांगितलं. सगळ्या बिअरना जवळपास सारखेच गुण मिळाले, आणि आपला रोजचा ब्रँडही लोकांना वेगळा काढता आला नाही. नंतर त्याच बिअर लेबलसकट दिल्या, तेव्हा गुण वर गेले आणि ज्याचा जो ब्रँड त्याला तो चांगला लागला.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो २००६ चा प्रयोग, ली, फ्रेडरिक आणि एरियली यांचा. बॉस्टनजवळच्या पबमध्ये त्यांनी बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे थेंब घातले. काहींना काहीच सांगितलं नाही, काहींना पिण्याआधी सांगितलं, काहींना पिऊन झाल्यावर पण निवड करण्याआधी सांगितलं. ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त लोकांनी व्हिनेगरचीच बिअर पसंत केली. आधी सांगितलेल्यांमध्ये हे प्रमाण खूप खाली आलं. आणि नंतर सांगितलेले? त्यांची पसंती न सांगितलेल्यांच्या जवळच राहिली. ही तिसरी गोष्ट नीट लक्षात घ्या. व्हिनेगर ऐकून लोक फक्त नाक मुरडत असते, तर नंतर कळल्यावरही मुरडलं असतं. तसं झालं नाही. आधी मिळालेली माहिती घोट तोंडात असतानाच चवीत मिसळते. म्हणून "गोंयची ती गोंयची" म्हणणाऱ्याला कुणी हसू नये. त्याच्या जिभेवर ते खरंच घडलेलं आहे.

आता पद्धत. गावातल्या चाचणीत नेहमी काय होतं? दोन बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळतात, एकाला अ, दुसऱ्याला ब म्हणतात आणि विचारतात, "चांगली कुठली?" यात तीन चुका एकदम झाल्या. दोनांत एक निवडायची म्हटल्यावर निम्मे लोक नुसत्या नशिबानेच बरोबर येतात. "अ" आणि "पहिली" यांच्याकडे लोकांचा कल आपोआप जातो. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे आवड विचारली, फरक ओळखता येतो का हे विचारलंच नाही. ज्याला फरकच कळत नाही, त्याच्या आवडीला काय अर्थ?

त्यापेक्षा त्रिकोणी चाचणी करा. १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत ती बिअरसाठीच वापरात आली. प्रत्येकापुढे तीन पेले, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. प्रश्न एकच: वेगळा पेला कुठला? अंदाजपंचे उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. बारा जण बसवा. नुसत्या अंदाजावर सरासरी चार बरोबर येतील. आठ किंवा जास्त बरोबर आले तर फरक आहे असं धरा, कारण निव्वळ नशिबाने आठ किंवा जास्त जुळायची शक्यता दोन टक्क्यांहून थोडी कमी आहे. सातांवर खूश होऊ नका. सात किंवा जास्त जुळण्याची शक्यता साडेसहा टक्क्यांच्या वर जाते, तेवढ्यावर पैज लावू नये.

दोन बिअरना क आणि ख म्हणा. मांडणीचे सहा क्रम होतात: ककख, कखक, खकक, खखक, खकख, कखख. बारा जणांत प्रत्येक क्रम दोनदा येऊ द्या, म्हणजे "मधला पेला नेहमी वेगळा लागतो" या खोडीचा परिणाम उरत नाही. पेल्यांवर १, २, ३ लिहू नका, ४१७, ८६२, २९५ असे कसलेही तीन आकडी नंबर लिहा आणि कुठला नंबर कुठल्या बिअरचा याचा कागद पाकिटात बंद करा. प्रत्येक पेल्यात ६० मिली पुरे. बारा जणांना प्रत्येक बिअर १०८० मिली लागते, म्हणजे ६५० च्या दोन-दोन बाटल्या, फेसात वाया जाणारं धरून. एका बिअरच्या दोन्ही बाटल्या एकाच बॅचच्या असू द्या आणि ओतण्याआधी एका जगमध्ये कडेने हलकेच एकत्र करा, नाहीतर एका बाटलीचा दोष काही जणांच्याच वाट्याला येतो.

ओतणारा आणि वाटणारा वेगळा हवा. ओतायचं स्वयंपाकघरात, चाखायचं पडवीत, आणि वाटणाऱ्याला पाकिटातलं काही माहीत नको. हा सोपस्कार नाही. ज्याला उत्तर माहीत आहे तो बरोबर पेल्याजवळ क्षणभर रेंगाळतो, आणि गावातली माणसं चेहरे फार लवकर वाचतात. बाटली गुंडाळून समोर ठेवणंही चालत नाही, कारण तिची मान, उंची, झाकण उघडल्याचा आवाज यावरून रोजचा पिणारा ब्रँड ओळखतो.

रंगाचं काय? २००१ मध्ये बोर्दोच्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. बिअरच्या पिवळ्याच्या दोन छटासुद्धा जिभेआधी डोळ्यांना कळतात. आपल्याकडे यावर घरातच उत्तम उपाय आहे, स्टीलचं फुलपात्र. बाहेरून आतलं काही दिसत नाही. वर वाटी पालथी घाला म्हणजे वास आत धरून राहतो, आणि नाकाला लावतानाच ती काढा. फुलपात्रं आदल्या दिवशी साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळखळून, पालथी सुकवा. तेलकटपणा राहिला की फेस बसतो, साबण राहिला तरी तेच. मासळी तळलेल्या भांड्यांबरोबर घासली तर तो वास पेल्यात येतोच.

गारव्यात सर्वांत जास्त घोळ होतो. एक बाटली फ्रिजच्या दारातली आणि दुसरी आतल्या कप्प्यातली, एवढ्यानेही निकाल फिरतो. सगळ्या बाटल्या एकाच घमेल्यात, बर्फ आणि पाणी घालून, पाऊण तास ठेवा. मग बाहेर काढून ७-८ अंशांवर येऊ द्या आणि थर्मामीटरने बघा. दोन-तीन अंशांची बिअर सगळीच सारखी लागते, कारण थंडीने जीभही बधिर होते आणि वासही सुटत नाही. मे महिन्यात ६० मिली बिअर पेल्यात बघता बघता तापते, तेव्हा एका वेळी चौघांचेच पेले ओता. आणि बर्फासाठी मासळीची थर्माकोलची पेटी कृपा करून वापरू नका, कितीही धुतली तरी.

वेळ सकाळी अकराच्या सुमाराची, जेवणाआधीची. तासभर आधीपासून चहा, पान, तंबाखू, सिगारेट बंद. चखणा तर नकोच. तिखलं किंवा तळलेला बांगडा खाल्लेल्या तोंडाला सौम्य लागरमधला (म्हणजे आपल्या नेहमीच्या फिक्या बिअरमधला) फरक कळत नाही, सोलकढीची आंबट चवही जिभेवर राहते. दोन पेल्यांच्या मध्ये साधं पाणी आणि साधा पाव. उत्तर कागदावर लिहून देईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. एकाने नुसतं "व्वा" म्हटलं की पुढच्या चार जणांची उत्तरं त्याची झाली, आणि प्रत्येक मंडळीत असा एक भाऊ असतोच. गाडी चालवून घरी जाणाऱ्याला बसवू नका.

एका दिवशी दोन फेऱ्यांच्या वर जाऊ नका, हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणा जिभेवर साचत जातो. माइल्ड आणि स्ट्राँग यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि त्यापुढे ८ पर्यंत स्ट्राँग, हा फरक कुणालाही कळतो.

निकाल हाती आल्यावर दोन्ही बाजूंनी अतिरेक होतो. आठ आले नाहीत की लगेच "बघा, सगळी बिअर सारखीच, उगाच पैसे घालवता". हे चूक आहे. बारा माणसं ६० मिलीत फरक पकडू शकली नाहीत, एवढंच सिद्ध झालं. उलट आठ आले, तरी "आमचा ब्रँड सरस" हे ठरत नाही, फक्त फरक ठरतो. आवड वेगळ्या दिवशी विचारा आणि तेव्हा घोट देऊ नका, लेबल झाकून अख्खा ग्लास द्या. घोटभरात गोडसर, भरदार बिअर बऱ्याचदा पुढे जाते, आणि तीच ग्लासभर प्यायला जड होऊ शकते. हा फरक न पाळल्यामुळे कितीतरी चाचण्यांचे निकाल दुकानात खोटे ठरतात.

कायदा न मोडता करता येईल अशी, आणि माझ्या मते गोवा-महाराष्ट्र वादापेक्षा उपयोगाची चाचणी सांगतो. एकाच खोक्यातल्या हिरव्या काचेच्या चार बाटल्या घ्या. दोन काळोखात ठेवा, दोन तासभर उन्हात. मग चारही एकत्र गार करा आणि त्रिकोणी चाचणी लावा. इथे आठाच्या वर उत्तरं बरोबर येण्याची चांगली शक्यता असते. उन्हातल्या बाटलीला रबर जळाल्यासारखा उग्र वास येतो, कारण प्रकाशाने हॉप्समधले कडू घटक मोडतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं, जे लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी आणि पारदर्शक जवळपास नाही, कॅन पूर्ण अडवतो. पारदर्शक बाटलीतली काही बिअर वाचते, कारण तिच्यात प्रकाशाला न बधणारा हॉप्सचा अर्क घातलेला असतो.

उष्णतेचं नुकसान हळू होतं, पण आपल्या किनाऱ्यावर ते जास्त महत्त्वाचं. पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मे काढलेल्या खोक्यातली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी, थोडी मधासारखी गोडसर लागू लागते. हा बिघाड तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने होतो, आणि नंतर फ्रिजमध्ये ठेवून भरून निघत नाही. होमस्टे आणि छोटे बार चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ब्रँड बदलण्याआधी खोकी पत्र्याखालून हलवा आणि जुनी तारीख आधी विका. घेणाऱ्यांनी लेबलवरची उत्पादनाची तारीख वाचावी. मे महिन्यात तीन महिन्यांपूर्वीची बाटली आणि तीन आठवड्यांपूर्वीची बाटली यांतला फरक मोरजी आणि शिरोड्याच्या फरकापेक्षा मोठा निघेल, करून बघा. आणि हिरवी बाटली घ्यायची असेल तर काचेच्या फ्रिजमधली, ट्यूबलाइटखालची पुढची बाटली घेऊ नका, बंद खोक्यातली मागा.